खाटेवर कुणी मरत नाही

४ ऑक्टोबर १९५३

एकदाची पोचले. दौंडहून बारामतीला येणारी ती छोटी आगगाडी इतकी निवांत चालते की मध्येच उतरून ऊस मोडून घ्यावा आणि पुन्हा चढून बसावं. स्टेशनावर आश्रमाची बैलगाडी उभी होती. दत्तोबा गाडीवानानं माझी ट्रंक, वळकटी आणि औषधांची पेटी वर चढवली आणि बैल हाकण्याआधीच चौकशी केली की बाईंच्या मागं कोण कोण हाय. कुणी नाही म्हटल्यावर वाटभर तो माझ्याशी फार अदबीनं बोलला. नर्सच्या जागेच्या मुलाखतीच्या वेळी आप्पासाहेबांनाही माझी हीच गोष्ट आवडली होती. माहेर नाही, सासर नाही, रजेचं लचांड नाही.

आश्रम कन्हेरीच्या शिवारात, पाटाच्या अगदी कडेला आहे. आप्पासाहेब उसाचे मोठे बागाईतदार, त्यांनी आईच्या नावानं हा बांधला. दारावर 'मातोश्री सारजाबाई निराधार आश्रम' अशी पाटी आहे. आत पांढऱ्याशुभ्र भिंती, मुंबईहून आणलेल्या लोखंडी खाटा, त्यांवर धुतलेल्या चादरी, अंगणात सदाफुली. पुण्याच्या दवाखान्यात मी काय काय हुंगलं आहे ते आठवलं आणि इथल्या फिनेलच्या वासानं मला चक्क भूक लागली.

माझी खोली छोटी आहे, पण खिडकीतून पाटाचं पाणी दिसतं. रात्री पिठलं-भाकरी आणि वर तूप. मी स्वतःलाच म्हटलं, कौसल्याबाई, नशीब काढलंत.

९ ऑक्टोबर

आता माणसं ओळखीची झाली. सगळा कारभार बनाबाईच्या हातात आहे. पूर्वी ती सुईण होती. पंचक्रोशीतली निम्मी माणसं तिच्या हातावर जन्मली, असं ती सांगते आणि ते खोटंही नसावं. रोज सकाळी ती प्रत्येक खाटेपाशी थांबते आणि पांघरुणाखाली हात घालून म्हाताऱ्यांचे पाय चाचपते. माझ्याकडे थर्मामीटर आहे हे तिला दाखवलं, तेव्हा तिनं ते कौतुकानं पाहिलं आणि परत दिलं.

इथली एक रीत तिनं मला पहिल्याच दिवशी समजावली. माणूस जायला आलं की त्याला खाटेवरून खाली घ्यायचं. त्यासाठी शेवटची खोली राखून ठेवली आहे. जमीन शेणानं सारवलेली, उशाला दिवा, तोंडात गंगाजल आणि तुळशीपत्र, आणि जवळ कुणीतरी सतत नाव घेत बसलेलं. आमच्या घरीही आजोबांना असंच खाली घेतलं होतं, त्यामुळे मला त्यात नवल वाटलं नाही. बनाबाई मात्र अभिमानानं म्हणाली, "आपल्या हितं खाटंवर कुनी मरत न्हाय, बाई."

दवाखान्यात मी माणसं खाटेवर, खाटेखाली, दाराशी आणि एकदा तर लघवीला जाताना मेलेली पाहिली आहेत. तेव्हा मनात म्हटलं, इथलं बरं आहे.

माझी खरी गट्टी जमली ती नकोशीशी. पळसदेवची म्हातारी. आईबापांना पाचवी मुलगी नको होती, म्हणून हे नाव, आणि पुढे मुलांनाही आई नको झाली. नाव सार्थ केलं बघा, असं स्वतःच म्हणते आणि बोळकं उघडून हसते. भीमेच्या काठची असल्यामुळे पाटाच्या पाण्याला ती पाणीच मानत नाही. तुमी मला माज्या लेकीगत वाटता, असं ती म्हणते. उगाच बरं वाटतं. इतक्या वर्षांत मला असं कुणी म्हटलं नव्हतं.

१५ ऑक्टोबर

आज सरकारचे डीडीटी मारणारे लोक आले होते. सगळ्या भिंतींवर पांढरे ओघळ आले. शेवटच्या खोलीत मात्र बनाबाईनं त्यांना पाऊल टाकू दिलं नाही. ती सोवळ्याची खोली. मी सांगून पाहिलं की आता सारे डास तिथंच वस्तीला जातील. डासही देवानंच केलेत, असं उत्तर मिळालं.

त्या निमित्तानं मी खोली आतून पाहिली. पाटाचं पाणी पाझरून जमीन कायम ओली असते. सारवण कधी वाळतच नाही. तळपाय टेकवला तर गारवा पोटरीपर्यंत चढतो.

हिवतापाचे दिवस आहेत. पाट आला, ऊस आला, सोबत डास आले. मी उद्या बारामतीला जाऊन त्यावरचं औषध, कोयनेल, घेऊन येणार आहे.

१६ ऑक्टोबर

कोयनेल घेऊन परत आले तर सोपानतात्या खाली.

सोपानतात्या म्हणजे वरकुट्याचे. काल संध्याकाळी माझ्याशी कांद्याच्या भावावरून वाद घालणारा धडधाकट माणूस. दुपारी त्यांना हुडहुडी भरली, बनाबाईनं पाय चाचपले, पाय गार लागले आणि चौघींनी उचलून त्यांना शेवटच्या खोलीत नेलं. मी धावत आत गेले. तात्यांचं अंग भट्टीसारखं तापलं होतं. थंडी संपून ताप चढला होता. कुठल्याही नर्सला हे शिकवावं लागत नाही की हिवतापात आधी हातपाय बर्फ होतात आणि मग ताप येतो. मी बनाबाईला म्हटलं, आता पायाला हात लावून बघा. ती दोन पावलं मागे सरली. एकदा खाली घेतलं की पायाला हात लावायचा नसतो म्हणे. जीव वर निघालेला असतो, तो पुन्हा खाली ओढला जातो.

मी तात्यांना एकटीनं उचललं. कुणी मदतीला आलं नाही. खांद्यावर हात टाकून, ओढत, फरफटत त्यांच्या खाटेवर आणून निजवलं. दालनातल्या साऱ्या म्हाताऱ्यांनी भिंतीकडे तोंडं केली. नकोशीनंसुद्धा. शेजारच्या खाटेवरच्या रंगूबाईनं आपलं अंथरूण गुंडाळलं आणि ती ओसरीवर जाऊन बसली. मला वाटलं, दोन दिवसांत तात्या हिंडूफिरू लागले की यांची तोंडं आपोआप वळतील.

१७ ऑक्टोबर

तात्यांचा ताप उतरला आहे. डोळे स्वच्छ, नाडी चांगली. मी भाताची पेज घेऊन गेले तर त्यांनी तोंड मिटून घेतलं. कोयनेल दिलं तर ओठांतून ओघळू दिलं. मी रागावले, विनवलं, पुन्हा रागावले. मग ते अगदी समजूतदारपणे, लहान मुलीला सांगावं तसं मला म्हणाले, "मला खाली घेतलंया, बाई. आता मी हितला न्हाय."

मी म्हटलं, तुम्ही बोलताय, श्वास घेताय. त्यांनी मान हलवली. खाली घेतलेलं माणूस वर आलं तर ते माणूस नसतं, दुसरंच काही त्याच्या अंगात शिरून उठतं, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक आहे. इथं सगळ्यांनाच ठाऊक आहे. ते जिच्याकडे बघायचे ती डोळ्यांवर पदर घ्यायची.

दुपारी मी सुया उकळत होते. तेवढ्या वेळात सोपानतात्या आपणहून खाटेवरून उतरले आणि भिंतीला धरून शेवटच्या खोलीत जाऊन निजले. मी दारातून पाहिलं. त्यांनी स्वतःच हातपाय सरळ करून घेतले होते.

१९ ऑक्टोबर

सोपानतात्या गेले. ताप नव्हता. पोटात अन्न नव्हतं आणि छाती भरली होती, ओल्या जमिनीवर दुसरं काय होणार. बनाबाईचा अंदाज म्हणे कधी चुकत नाही. कसा चुकेल. ती ज्याला खाली घेते त्याला कुणी पाणीसुद्धा पळीभरापेक्षा जास्त देत नाही.

आणि सर्वांत वाईट काय, तर ती रडत होती. खरी रडत होती. मला तिचा तिरस्कार करायचा आहे आणि तो नीट जमत नाही. तात्यांचे केस तिनं तेल लावून विंचरले.

२३ ऑक्टोबर

आप्पासाहेबांकडे गेले होते. त्यांनी चहा दिला, सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मी हिवताप समजावला, थंडी समजावली, ती जमीन समजावली. मग ते बोलू लागले. त्यांच्या आईला पुण्याच्या दवाखान्यात नेलं होतं. शेवटची घटका आली तेव्हा त्यांनी नर्सच्या पाया पडून सांगितलं की आईला खाली घेऊ द्या. नर्सनं सांगितलं की सलाईन चालू आहे, हलवता येणार नाही. आई खाटेवर गेली. अजून स्वप्नात येते आणि म्हणते, आप्पा, मला जमिनीवर टेकू दे. एवढा मोठा माणूस माझ्यासमोर धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत होता.

मग म्हणाले, तुमच्यासारखीच होती ती नर्स. हुशार.

मला त्यांची कीव आली आणि संताप आला, दोन्ही एकदमच. एका म्हातारीचं राहून गेलं, म्हणून हा माणूस दुसऱ्यांच्या आयांना वेळेआधीच जमिनीवर टेकवतो आहे. येताना मी त्यांचा चहा अर्धा टाकून आले. याहून मोठं बंड मला सुचलं नाही.

२८ ऑक्टोबर

सारजाबाईंची पुण्यतिथी. इंदापूरहून एक डॉक्टर पाहुणे म्हणून आले होते. त्यांच्याच भरवशावर मी आठवडा काढला होता. त्यांनी चादरी पाहिल्या, संडास पाहिले, स्वयंपाकघरातली तांब्याची भांडी पाहिली. एकाही म्हाताऱ्याच्या अंगावर खाटेनं पडलेलं क्षत नाही, हे पाहून चकित झाले. मीच पाठी चोळते, मीच कूस बदलते, म्हणून क्षत पडत नाही, हे सांगायला मी तोंड उघडलं तोवर आप्पासाहेबांनी बनाबाईला पुढे केलं.

मी त्यांना ओढूनच शेवटच्या खोलीपाशी नेलं. खोली रिकामी होती, दिवा लावला होता, उदबत्ती लावली होती. मी खालच्या आवाजात सगळं सांगितलं. डॉक्टर चपला काढून आत गेले आणि त्यांनी हात जोडले. बाहेर येऊन म्हणाले की आमच्या दवाखान्यांनी हे शिकायला हवं, आपण माणसाला शांतपणे मरूही देत नाही. हिवतापाचं काय, असं मी विचारलं. म्हणाले, वय झालेल्यांना निमित्त लागतं.

पुरणपोळ्या चांगल्या झाल्या होत्या. डॉक्टरांनी कटाची आमटी मागून घेतली.

१ नोव्हेंबर

नकोशीला थंडी भरली.

सकाळीच तिचे दात वाजायला लागले. बनाबाई ओसरीवरून फेरीला निघालेली मला दिसत होती. मी चुलीतल्या दोन विटा चिमट्यानं काढल्या, फडक्यात गुंडाळल्या आणि नकोशीच्या पायांशी लावल्या. बनाबाईचा हात पांघरुणाखाली जाण्याआधी विटा ओढून घेतल्या. बनाबाईनं पाय चाचपले, माझ्याकडे पाहिलं आणि पुढच्या खाटेकडे गेली. माझी बोटं भाजली आहेत. इतकं चांगलं भाजणं मला कधी लाभलं नव्हतं.

कोयनेल थोडंच उरलं होतं, ते सगळं तिला दिलं. ती तोंड वाकडं करून म्हणाली की असलं कडू तर तिच्या सुनेनंपण कधी दिलं न्हवतं.

५ नोव्हेंबर

नकोशी उठून बसली. भाकरी कुस्करून दूध घालून खाल्ली. माझे दोन्ही हात धरून कितीतरी वेळ बसली होती. म्हणाली, बाई, तुमी माजा जीव वाचवला, मी तुमचं करीन. तुमच्या मागं कोन न्हाय ना, मग मी हाय. मला हुंदका आवरला नाही. या वयात मला आई मिळाली आणि तीही नकोशी नावाची.

ठरलं. बाजारच्या दिवशी दत्तोबाची गाडी बारामतीला जाते. तिच्यातून तिला घेऊन निघायचं. पुण्यात माझी एक खोली होईल, एक चूल होईल. बाकीच्यांचं काय, हा विचार मनात येतो. वर कुणाला तरी सांगेन. ओरडून सांगेन. आधी हिला बाहेर काढते.

६ नोव्हेंबर

अंग मोडून आलं आहे. दुपारी कापरं भरलं, मग ताप. औषधाची पेटी उघडून पाहिली, कोयनेलची बाटली उलटी करून जिभेवर धरली. नुसता कडूपणा.

काही बिघडत नाही. उद्या उतरेल. परवा पुन्हा येईल, पण परवा बाजार आहे, गाडीत पडून जाईन. बनाबाई विचारत होती, बाई आज उठल्या न्हाईत का. खोलीला आतून कडी लावली आहे.

८ नोव्हेंबर

लिहिते आहे ते नीट लिहायला हवं.

सकाळी ट्रंक बांधली. नकोशीनं आपलं गाठोडं केलं. गाडी जुंपायची होती आणि मला थंडी भरली. परवापेक्षा जास्त. खाट खडखड वाजत होती. मी नकोशीला सांगितलं की चुलीतल्या विटा आण, त्या दिवशीसारख्या, आणि कुणाला बोलू नकोस. तिनं माझे पाय धरले. तिचा चेहरा मला दिसत होता. ती म्हणाली, लई गार पडल्यात, बाई. मी म्हटलं, म्हणूनच विटा आण.

ती गेली. तिला उशीर झाला. कडी आतून लावायला मला उठता आलं नाही.

ती परत आली तेव्हा हातात विटा होत्या. मागे बनाबाई होती, रंगूबाई होती, आणखी दोघी होत्या. नकोशी ढसाढसा रडत होती. म्हणत होती, बाईंनी माजा जीव वाचवला, मी बाईंना खाटंवर मरू देनार न्हाय.

मी ओरडले. त्यांनी फार हलक्या हातांनी उचललं. डोक्याला कुठे लागू नये म्हणून नकोशीनं माझं डोकं स्वतःच्या हातावर घेतलं होतं.

९ नोव्हेंबर

ताप नाही. डोकं अगदी स्वच्छ आहे. पेन्सिल आणि ही वही पदरात होती.

कुणी अडवलं नाही. मी भिंतीला धरून उठले. पाठीचं लुगडं ओलं झालं होतं. दालनातून चालत गेले. सगळ्यांनी तोंडं फिरवली. मी नावं घेऊन हाका मारल्या. या सगळ्यांची लघवी मी काढली आहे, पाठी चोळल्या आहेत. कुणी बघितलं नाही.

अंगणात दत्तोबा होता. मी गाडीच्या दांडीला धरलं आणि म्हटलं, मला नुसतं स्टेशनवर सोड. त्यानं मला पाहिलं. बैलांच्या मानेवरचं जू काढलं. बैल घेऊन गेला — गाडी तिथंच — मला तिथंच सोडून.

रस्त्यापर्यंत गेले असेन. पोटात दोन दिवस काही नाही. पाय —

उचलून आणलं. बनाबाई म्हणाली, "जरा धीर धरा. सगळी असंच करत्यात."

भाकरी मागितली. पळीनं गंगाजल.

अजून मागितलं. अजून एक पळी.

तारीख दहा असावी

पुन्हा थंडी. जमीन ओली आहे — नाही, माझा घाम — नाही, थंडीत घाम नसतो. जमीनच.

डास फार.

नकोशी उठत नाही उशापासून. नाव घेते आहे. आवाज बसला तिचा. जेवलीसुद्धा नाही माझ्यापायी. मी म्हटलं, आई, मला पेज दे. पहिल्यांदाच आई म्हटलं. ती रडली, आणि तुळशीपत्र —

थुंकले. तिनं दुसरं ठेवलं.

विटा कुठे आहेत विचारलं. आहेत म्हणाली. उशाशी. त्यांच्यावर दिवा ठेवला आहे.

थंडी गेली. आता ताप चढतो आहे. म्हणजे मी बरोबर होते. हिवतापच आहे. उद्या उतरेल, उद्या मी —

पाय गरम आहेत. बनाबाई, पाय गरम झालेत. नकोशी, तू तरी बघ, आता बघ, एकदा हात लावून —

ती मागे सरली. पदर डोळ्यांवर.

भाजतायत पाय. कुणीतरी पायाला हा